पट्टा न टाकलेलं घर

बाबा, तू गेलास तेव्हा आपलं कुडाचं घर होतं. आता त्या जागी सिमेंटच्या ब्लॉकचं आहे, मी एकट्याने बांधलेलं. दोन हजार चौदाला पाया खणायला घेतला, पत्रे चढेपर्यंत दोन पावसाळे गेले. घोलवडच्या वाड्यांमधली पंपांची कामं सांभाळून, सुट्टीच्या दिवशी नाहीतर संध्याकाळी उजेड असेपर्यंत. गवंडी लावला नाही. बघून शिकलो, चुकलेला थर उतरवून शिकलो. तलासरीहून ब्लॉकचा टेम्पो आला की एकेक ब्लॉक वाजवून घ्यायचो, बद्द आवाज आला की परत. उभा सांधा खालच्या ब्लॉकच्या बरोबर मधोमध. ओळंब्याला माझी एकही भिंत खोटी पडली नाही. तू असतास तर भिंतीवर हात फिरवून बघितलं असतंस.

कुडाच्या घराची मोठी मेढ उभी केली तो दिवस माझ्या डोळ्यांसमोर आहे. अख्खा पाडा आलाय. खांब खड्ड्यात उतरतोय, सगळे एका दमात ओरडतायत, आई भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण रांधतेय. मला नुकतं मिसरूड फुटलंय आणि मी तोंड पाडून बसलोय, कारण उद्या कोणीही म्हणणार, तुमचं घर आम्ही उभं केलं. तू मला म्हणतोस, "वाढ त्यांना." मी म्हणतो, "माझं घर मी एकटाच बांधीन. कुणाला बोलावणार नाय." "बांध की," तू म्हणतोस, "फक्त मेढ एकटा उचलशील तेव्हा मला बघायला बोलव." सगळे हसले. ते हसणं मी जन्मभर धरून ठेवलं.

भिंती डोक्याच्या वर गेल्या तेव्हा शेजारचा काका, तुझ्याबरोबर चिकू उतरवायला जायचा तो, कुंपणाशी थांबला. "पट्टा टाकणार ना रं?" पट्टा म्हणजे सगळ्या भिंतींच्या माथ्यावरून सलग फिरणारी, त्यांना एकमेकींशी बांधून ठेवणारी सळ्या-काँक्रीटची कडी. ती एका दिवसात ओतायची असते. आज अर्धी, उद्या अर्धी केली तर जोड कच्चा राहतो. एकट्याने होणारं काम नव्हे. काका म्हणाला, "हाक मार, दहा जण येतो. कोंबडी काप म्हणजे झालं." मी म्हणालो, "वर पत्रेच तर आहेत, पट्टा कशाला?" "तुला ठाव बाबा," म्हणून तो गेला. मला ठाऊकच होतं.

दोन हजार अठराच्या थंडीत जमीन हलायला लागली. डहाणू-तलासरीकडची माणसं अंगणात ताडपत्र्या बांधून राहू लागली. मग एका दुपारी मोठा धक्का बसला. पत्रे खडखडले आणि पूर्वेच्या कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींपासून सुटल्या, वरून पार खिडकीपर्यंत. आत बोट जाईल एवढी फट. मी बाहेर ताडपत्री बांधली, आईची वाकळ तिथे नेऊन टाकली. आई ती उचलून परत आत, त्याच कोपऱ्यात जाऊन आडवी झाली.

"आई, बाहेर चल."

"मी नाय जायची. बाकीच्यांची घरं गवंड्यांनी बांधलीत, त्यांनी भ्यावं. हे माझ्या पोराच्या हातचं हाय. मीच बाहेर निजले तर लोक तुला काय म्हणतील?"

खूप समजावलं. शेवटी तिच्या उशाशी बसलो आणि म्हणालो, "आई, मी पट्टा टाकलेला नाय. माझाच भरवसा नाय या घरावर." ती फटीकडे नाही, माझ्याकडे बघत राहिली. मग उठून वाकळ गुंडाळली. "तुझ्या बापाने हाक मारली असती," एवढंच बोलली आणि बाहेर गेली.

आता एकोणीसचा उन्हाळा चालू आहे. काका म्हणतो, पत्रे उतरवून पट्टा अजूनही टाकता येईल, फक्त पावसाच्या आत. सळ्या आणून ठेवल्यात. कोपऱ्यांसाठी त्या मी इतक्या नीट वाकवल्यात की कोणी चूक काढून दाखवावी. आज सकाळी हाक मारायला पाड्यावर निघालोही होतो. बोरिंगपाशी माणसं बसलेली दिसली, आणि कुणाचातरी पंप बघायचाय असं सांगून मी मागे फिरलो. हा कागद कुठे जायचा नाही, बाबा. तुला हाक मारायला लाज वाटत नाही, म्हणून लिहीत बसलो. आई अजून ताडपत्रीखालीच आहे.