तेलाचं शेवटी लिहितो

तोंडवली,
१६ नोव्हेंबर १९६४

प्रिय लवू,

तुझं पत्र गेल्या मंगळवारी पोचलं. उत्तराला उशीर झाला त्यात पोस्टाचा दोष नाही, माझाच आहे. दोन कागद फाडले. सात वर्षांनी तू पुन्हा मोटारसायकल घेतलीस, तीही लष्कराच्या लिलावातली जुनी, आणि घरी कोणती हत्यारं ठेवू हे विचारायला पुण्यातले एवढे मेस्त्री सोडून तुला तोंडवलीचा फेलिक्स आठवला. वाचून बरं वाटलं आणि पाठोपाठ लाज वाटली. लाज कसली, ते लिहिल्याशिवाय हे पत्र पाकिटात घालायचं नाही असं ठरवलंय. पण आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो, नाहीतर म्हणशील, विचारलं काय आणि हा सांगतो काय.

पहिले पाने. तुझी गाडी विलायती, तिचे नट इंचाच्या मापाचे. दुकानदार मिलीमीटरचे पाने गळ्यात मारील आणि चालतात म्हणेल. चालत नाहीत. चुकीच्या मापाचा पाना नटाचे कोपरे खातो, आणि नट एकदा गोल झाला की चर्चमधला सांत आंतोन खाली उतरून आला तरी सुटत नाही. म्हणून गाडीचे दोन-तीन नट खिशात घालून दुकानात जा, पाना बसवून बघ, जरा जरी हलला तरी परत दे. दुतोंडी पाने पाच-सहा पुरेत. तो कमीजास्त होणारा मंकी पाना मात्र घेऊ नकोस, ते आळशी माणसाचं हत्यार. तुझ्याकडे होता, आठवतं? तू त्यानेच खिळेही ठोकायचास आणि मी ओरडलो की दात काढायचास.

प्लगचा पाना वेगळा घे. पेचकस दोन, एक लांब, एक आखूड. पक्कड एकच घे, पण चांगली. टायर काढायच्या लोखंडी पट्ट्या दोन हव्यातच. आपण तुझ्या आयेचा कालथा पळवून टायर काढला होता आणि तो वाकला होता. तुझ्या थोरल्या भावाने, भाईने, तो दगडावर ठोकून सरळ केला आणि आयेला कळू दिलं नाही. सगळं ठेवायला पत्र्याचा डबा चालेल, पुण्यात आपलं खारं वारं नाही. पंप, पंक्चरचं सामान, जुनी धोतरं फाडून केलेली फडकी, आणि हात धुवायला घासलेट. तेलाचं शेवटी लिहितो.

भाई बरा आहे. तू विचारलं नाहीस, पण सांगतो. काठी घेऊन चालतो. माडावर चढत नाही, पाडेली बोलावतो आणि खाली उभा राहून त्याला चुका दाखवतो. तुझं नाव घेत नाही. तू घरी येत नाहीस आणि तो बोलावत नाही, आणि मी दोघांच्या मध्ये सात वर्षं गप्प बसून दोघांचा दोस्त म्हणवून घेतो.

आता तेलाचं. सात वर्षांपूर्वी पावसाळाभर तुझी तेव्हाची गाडी आमच्या मांगरात, घरामागच्या त्या खोपीत, पडून होती. नारळी पौर्णिमेआधी मी बापायच्या होडीला मोरी माशाचं तेल लावत होतो. त्याने लाकूड खाऱ्या पाण्यात टिकतं, आपल्याकडे कोण लावत नाही? तुझ्या गाडीचा मागचा ब्रेक गंजून कुरकुरत होता. पुढच्याची तार तर केव्हाच तुटलेली, मुंबईहून यायची होती. मी मागचं चाक उघडलं आणि हातातल्या त्याच बुधलीतलं तेल आत ओतलं. मिठाला मोरीचं तेल बरं, एवढीच माझी अक्कल. कुरकुर थांबली. तू माझ्या पाठीवर थाप मारलीस.

ब्रेकला तेल लावायचं नसतं, लवू. सपाटीवर तो कसाबसा लागत राहिला. चौक्याच्या उतारावर चाक तापलं आणि तेल सगळीकडे पसरलं असणार. तू भाईला मागे बसवून कसालला सोडायला निघाला होतास. गाडी दगडी गडग्यावर आदळली, तुला खरचटलं, भाईचा पाय गेला. दुसऱ्या दिवशी गाडी मांगरात आणली तेव्हा मी एकटा होतो. चाक उघडलं आणि मोरीचा वास नाकात गेला. मी सगळं घासलेटने धुतलं, पुसलं, परत बसवलं. भाईने खाटेवरून विचारलं तेव्हा म्हणालो, "ब्रेक बरो आसा." तीन शब्द. त्यावर सगळ्या गावाने ठरवलं की लवूने मस्तीत गाडी हाणली. मी घाबरलो होतो. पुढे घाबरायचं काही उरलं नाही तरी तोंड उघडलं नाही, कारण तुमच्या घरची पेज मला हवी होती.

काल रविवारच्या मिसाहून परतताना तुमच्या घरापुढच्या खळ्यात गेलो आणि भाईला सगळं सांगितलं. काठी उचलील असं वाटलं होतं, उचलली असती तर बरं झालं असतं. त्याने काठी बाजूला ठेवली आणि पायाकडे बघितलं. मग म्हणाला, "लवू सांगत होतो, ब्रेक लागाक नाय म्हणान. मी त्येका खोटो म्हटलंय." मी उठलो तेव्हा म्हणाला, तुला लिही, आणि उद्याच लिही.

तुला आधीच सांगायला हवं होतं. पण तुझ्या पत्रातल्या शेवटच्या ओळीने मला झोपू दिलं नाही. तू लिहिलंयस, या वेळी सावकाश चालवीन, तेव्हासारखा माज करणार नाही. म्हणजे भाईचं म्हणणं तूही खरं मानून बसलास. लवू, तू माज केला नव्हतास. तुझा पाय ब्रेकवरच होता.

आता तुझा म्हणावं की नाही ते तूच ठरव,
फेलिक्स