तळ्याकाठचा उघडा फ्रायलेहोन

३ जानेवारी
पोचले एकदाची! खेचरावरून उतरले तेव्हा पाय माझेच की उसने, कळत नव्हतं. पण पारामोच्या या उंच, गारठलेल्या डोंगरमाळावरची ही नोकरी म्हणजे चैन आहे; दिवसभर झाडं नि किडे बघायचे आणि टिपायचे. राहायला उबाल्दिनाबाई आणि त्यांचे यजमान तेओफिलो यांच्याकडे. दोघं गाई पाळतात. बाईंनी गुळाच्या गरम पाण्यात चीज बुडवून दिलं आणि माझ्या पातळ कोटाची यथेच्छ टिंगल केली. हा कोट आहे की पडदा, म्हणाल्या.

६ जानेवारी
सकाळी धुकं, मग लख्ख ऊन, जेवणापर्यंत पुन्हा धुकं. फ्रायलेहोन फुललेत. माणसाएवढं खोड, वर लोकरीसारख्या पानांचा झुबका, आणि वाळलेली पानं गळून न पडता खोडालाच लपेटून राहतात. तीच त्याची घोंगडी. पिवळ्या फुलांवरचे केसाळ भुंगे गारठून इतके सुस्त, की बोटाने ढकलावे लागतात.

तळ्याकाठचा फ्रायलेहोन सगळ्यांत उंच. तेओफिलो त्याला टोपी काढून नमस्कार करतात. इथली रीतच आहे, त्याची पानं घेतली तर आपल्या अंगावरचं लोकरीचं काहीतरी त्याला घालायचं. मी हसले. ते दोघं हसले नाहीत.

९ जानेवारी
वाळक्या पानांत एक निळसर भुंगेरा पळाला. असला मी कधी पाहिलाच नव्हता. मला तो हवाच होता! पानं ओढत गेले, ओढत गेले; तळ्याकाठचा तो उंच फ्रायलेहोन खालपासून वरपर्यंत उघडा पडला. भुंगेरा काही मिळाला नाही. आज दव गोठणार हे मला ठाऊक होतं. मेली माझी हौस.

१० जानेवारी
गोठलं. झाड काळं पडलंय. तेओफिलोंनी विचारलं, कुणी केलं हे? मी म्हटलं, तुमच्या गाई असतील. जीभ कशी झडली नाही माझी! ते रागावलेसुद्धा नाहीत. गाई माझ्या, तर लोकरही माझीच, म्हणाले, आणि अंगातली तपकिरी रुआना, म्हणजे लोकरीची जाड घोंगडीच, झाडाला घालायला तळ्याकडे गेले.

११ जानेवारी
परतले नाहीत. वस्तीवरची माणसं धुक्यात शोधून दमली. झाडही जागेवर नाही, नुसता खड्डा. बाई रडत नाहीत. तू तरी आहेस गं सोबतीला, म्हणाल्या, आणि कुडकुडताना बघून आपली शाल मला दिली. मला लाज वाटते. जेवताना सांगणार होते, पण—

१३ जानेवारी
कुंपणाबाहेर कुणीतरी उभं. तपकिरी रुआना. बाई धावल्या, आले गं, आले! मी दंड धरून ओढलं त्यांना. रुआनाखाली पाय नव्हते. काळं खोड—
तरीही खरं बोलले नाही.

१४ जानेवारी
आता कुंपणाच्या आत.

बाई माझी नजर चुकवून बाहेर— धुक्यात—

दाराशी बाईंचाच आवाज. शांत. ते रुआना परत करायला आलेत, म्हणतात. पानं गाईंनी घेतलीच नाहीत, मग माझी लोकर कशाला, असं ते विचारतायत. मग लोकर कुणी द्यायची, ते तुला ठाऊक आहे का, पोरी?

ओरडले. मीच! मीच केलं!
बाई म्हणाल्या, अगं, आधी सांगायचंस.

कोट दाराखालून सरकवला. तसाच परत आत आला. ही लोकर नव्हे, म्हणे—

शाल आहे, पण ती बाईंची— माझं स्वतःचं म्हणावं असं अंगावर फक्त कातडी—

कडी हलते—