तर्जुमा संपला, आता मी बोलतो

शहागंज, औरंगाबाद
ता. ९ ऑगस्ट १९६१

तीर्थरूप सौ. पद्मजाअक्कास,
धाकट्या मधूचा साष्टांग नमस्कार.

बन्सीच्या हाती सोयगावहून पाठवलेली मटकी पोचली. आमच्या कालिंदीचा खोकला उतरला. दाजींचे गुडघे कसे आहेत? दाजींचं नाव लिहिलं आणि हात थांबला बघ. ते पुढं लिहितो.

आमच्या अर्जाचं तुला ठाऊकच आहे. कोर्टात दुभाषी म्हणून लागला तो दुभाषी म्हणूनच घरी जाणार. माझ्यामागून आलेले कारकून शिरस्तेदार झाले, मी एकोणीस वर्षं त्याच स्टुलावर, पगारही त्यांच्याहून कमी. साक्षीदाराच्या बोलण्याचा तर्जुमा करून साहेबांना सांगताना 'तो म्हणतो' असं म्हणायचं नाय, 'मी' म्हणायचं, हा आमचा रिवाज. मी किती खून केले, किती बैल चोरले, मोजदाद नाय! स्वतःसाठी 'मी' म्हणायला मात्र एकोणीस वर्षं लागली. बढती मागणाऱ्या त्या अर्जावर मी आणि जोडीदार दुभाषी बद्रीनाथ, दोघांनी सह्या केल्या. तू लिहिलंस, पाण्यात राहून माशाशी वैर करू नको. अगं, मी पाण्यात कुठला, कोरड्यावर तडफडतोय.

सोमवारी अर्जाची चौकशी झाली. मुंबईकडच्या साहेबांपुढं माझ्याच नावाचा एक उर्दू कागद होता. साहेबांना उर्दू येत नाय, मग वाचणार कोण? मलाच दिला! दाजींचा जन्म निजामी दफ्तरात गेला, अजून त्यांचा सरकारी कागद उर्दूतच उतरतो. आता तो वाचायला दुभाषी लागेल, हे त्यांना सुचलंच नाय.

व्हय अक्का, दाजींचा कागद. अक्षर पहिल्या ओळीतच ओळखलं. पण शब्द घालायचा नाय, गाळायचा नाय, ही आमची शपथ. खणखणीत वाचला: "मी बद्रीनाथच्या नादी लागलो. मी माफी मागतो. माझं नाव अर्जातून काढावं. घरी म्हातारी आई आहे, तिच्याकडं बघून नोकरी राखावी."

आईला जाऊन सात वर्षं झाली. दाजीच खांदा द्यायला होते. तेही वाक्य वाचलं. बद्रीनाथ माझ्याकडं बघंना.

मग म्हणालो, "साहेब, तर्जुमा संपला. आता मी बोलतो. हा कागद माझा नाय, खालची सही माझी नाय. अर्जावरची आहे, ती राहणार. माणूस फासावर जायचा का घरी, ते कोर्टाला माझ्या तोंडून कळतं. त्या तोंडाची कदर करा, नायतर उद्यापासून साक्षीदाराशी खुणांनी बोला!"

साहेब चष्मा पुसत बसले. मग विचारलं, "अक्षर कोणाचं?"

"ओळखत नाय," म्हटलं. कोर्टाच्या आवारात एकोणीस वर्षांतलं पहिलं खोटं, तुझ्या कुंकवासाठी.

निकाल यायचाय. बदली करतील, नायतर घरी बसवतील. बसवू देत. तुला कागदाचं आधी ठाऊक होतं का, ते मी विचारत नाय. दाजींनी भल्यासाठीच केलं असेल. नोकरी त्यांनीच लावली, हेही खरं. म्हणून माझी जीभ त्यांची झाली काय? लई राग आलाय मला.

हे पत्र त्यांना मोठ्यानं वाचून दाखव. काही गाळू नको, पदरचं घालू नको. आणि 'मधू म्हणतो' असं म्हणायचं नाय. रिवाजाप्रमाणं 'मी' म्हणायचं.

तुझा,
मधुसूदन
(सही माझ्याच हातची)