गदा तिजोरीत बसत नाही

८ नोव्हेंबर, शनिवार

गदा बसत नाही. नाशकातच द्वारका चौकात तीन दुकानं पालथी घातली, एकाही तिजोरीत बसत नाही. घरून सुतळी मापून नेली होती, तीन फूट दहा इंच. दुकानदार म्हणाला, "ताई, लोक दागिन्यांचा डबा घेऊन येतात, तुम्ही सुतळी काय आणलीत?" म्हटलं, सासऱ्यांची चांदीची गदा आहे. हसणं एकदम बंद. "पैलवान?" "होते. आता एकोणऐंशीचे आहेत." लगेच चहा सांगितला त्याने.

चहा फक्कड होता. तिजोरी नाही मिळाली.

दिवाळीत तळमजल्यावर देशमुखांकडे चोरी झाली. चार दिवस गावाला गेले होते बिचारे, चोरांनी निरांजनंसुद्धा सोडली नाहीत. तेव्हापासून मिलिंदला विम्याने पछाडलंय. त्यात आमची बँकेची शाखा लांब हलतेय, महिनाअखेर लॉकर रिकामा करायचा. म्हणजे माझं सोनं, आईची ठुशी, लेकीसाठी, प्रज्ञासाठी केलेल्या बांगड्या, सगळं घरी येणार. विमा हवा तर तिजोरी हवी. आणि मि. म्हणतो, यादीत अण्णांची गदा पहिली.


९ नोव्हेंबर, रविवार

अण्णांना सांगायचं काम माझ्याकडे. "तुझं ऐकतात ते," म्हणून मि. पिशवी घेऊन पसार.

अण्णा हॉलमध्ये गदा पुसत बसले होते. रविवारचा कार्यक्रम. आधी रांगोळीची पूड, मग माझ्या जुन्या ओढणीचं फडकं.

"तिजोरीत? तिनं काय गुन्हा केला का, कोठडीत टाकायला?"

म्हटलं, चोर येतात हल्ली.

"येऊ दे की. मी हाय ना घरात."

"तुम्ही दुपारी घोरत असता, अण्णा."

हसले. तेवढ्यात मी घाई केली. विचारलं, दांडा आटे फिरवून सुटा होतो का, मग आडवी बसेल. हसू गेलं. "माझा हात खांद्यातून सुटा होतो का, ते बघ आधी."

विषय संपला. मटण मात्र छान झालं, दोनदा वाढून घेतलं त्यांनी. म्हणजे माझ्यावर राग नाही.


१२ नोव्हेंबर, बुधवार

ग्रंथालयातून अर्धा दिवस सुट्टी. विम्याचे पवार आले होते. अटी अशा: लोखंडी कपाटातला चोरखण चालणार नाही. तिजोरी कंपनीच्या दाखल्याची हवी, काँक्रीटला बोल्ट मारून बसवलेली. सगळ्या वस्तूंचे फोटो, सराफाकडून मूल्यांकन. आणि प्रत्येक वस्तू घरात कशी आली त्याचा कागद. पावती, नाहीतर देणाऱ्याचं पत्र.

सोन्याच्या पावत्या आहेत. ठुशीचं पत्र दादा देईल. गदेपुढे मी लिहिलं, 'जत्रेतील कुस्तीचे बक्षीस'. या घरात येऊन वीस वर्षं झाली, हेच ऐकतेय.

खुर्चीतून अण्णा म्हणाले, "ते खोड."

"काय खोडू?"

"जत्रेत नाय मिळाली ती."

आणि चपला घालून खाली फिरायला गेले. मी मि.कडे बघितलं. त्यालाही माहीत नव्हतं. पन्नाशीचा माणूस, तोंड उघडं ठेवून बसला होता. प्रज्ञाने अभ्यासातून मान वर केली, "मग कुठून आली?"

पवारांनी तो रकाना रिकामा सोडला. सभ्य माणूस.


१३ नोव्हेंबर

सकाळी चहाला अण्णा: "रविवारी इगतपुरीला जाऊ. बबन देईल पत्र."

एवढंच. मी पुढे विचारलं नाही.


१६ नोव्हेंबर, रविवार

इगतपुरी. मि.ने गाडी काढली, प्रज्ञाही आली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भातकापणी चाललेली. बबनमामा रुळांजवळच राहतात. अण्णा आणि ते रेल्वेच्या रूळ बसवणाऱ्या एकाच गँगमध्ये होते, बारा जणांची गँग. आता दोघेच उरलेत. दारात "जय भीम" झाला आणि दोघं म्हातारे एकमेकांचे दंड दाबून बघायला लागले, किती उरलंय ते.

मी कागद-पेन काढलं. गदा कशी मिळाली, एवढं सांगा म्हटलं. मामांनी अण्णांकडे बघितलं. अण्णा म्हणाले, "सांग. नातीला पन कळू दे."

मामांचं जसंच्या तसं आठवत नाही. साधारण असं:

"त्या साली जत्रेत यानं पाच कुस्त्या मारल्या. शेवटच्याला तर असा चीत केला, धूळ उडाली. गदा मांडवात ठेवलेली, आम्ही डोळ्यांनी बघितली. आन् याचं नाव पुकारायच्या टायमाला कमिटीवाले म्हनले, गदा यंदा नाय, नारळ घे. का, ते काय सांगायला पाहिजे? आपली वस्ती कुठली ते सगळ्यांना ठाव. सांजेला तीच गदा हरलेल्याच्या खांद्यावर. वाजतगाजत. मी रडलो. हा नाय रडला. सोमवारी पहाटं कामावर हजर."

मग गँगमधल्या अकरा जणांनी सहा महिने विडी सोडली. सगळ्यांनी. जे जमलं ते घेऊन बबनमामा स्वतः नाशकाला आले, सराफाकडून गदा करून नेली. नाव कोरून. आणि अण्णांना रुळांवरच्या ढकलट्रॉलीवर उभं करून क्वार्टर्सपासून स्टेशनापर्यंत मिरवलं, मुकादम जेवायला गेला होता तेवढ्यात.

"भरीव चांदी, बरं का पोरी. लिही तसं. भरीव."

मी लिहिलं: सदर गदा संपूर्ण चांदीची असून ती आम्ही सर्व सहकाऱ्यांनी... मामांनी सही केली, पूर्ण नावाची. अण्णा तोपर्यंत दारातून बाहेर भाताच्या पेंढ्यांकडे बघत होते.

मामांच्या सुनेने नवा तांदूळ बांधून दिला.

परतताना चहाला थांबलो तेव्हा मि. म्हणाला, "अण्णा, मला कधी बोलला नाहीत. दरवर्षी त्याच जत्रेला न्यायचात मला."

अण्णा बशीत चहा ओतत म्हणाले, "तुला पाळना लय आवडायचा."


१७ नोव्हेंबर

प्रज्ञा शाळेत जाताना गदेच्या दांड्याला हात लावून गेली. कुणी बघत नाही असं वाटून.


२० नोव्हेंबर, गुरुवार

सराफ बाजार. अण्णांनी गदा सोलापुरी चादरीत गुंडाळली आणि रिक्षात मांडीवर घेऊन बसले. रिक्षावाल्याला वाटलं सतार.

सराफांनी आधी माझे दागिने पाहिले. सगळं ठीक. मग गदा. उलटीसुलटी केली, बोटाच्या पेराने ठोकली, वजन केलं, खालच्या कडेला भिंग लावलं. पुन्हा ठोकली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि तिथेच कळलं.

"काका, आत लाकूड आहे. वरून चांदीचा पत्रा. काम फार सुबक आहे, पण पत्रा."

मला अण्णांकडे बघवेना. मी काउंटरच्या काचेखालच्या जोडव्यांकडे बघत राहिले.

अण्णा म्हणाले, "शिसव का सागवान?"

सराफ गोंधळले. "शिसव असावं."

"हां. वाटलंच मला."

दाखला घेऊन बाहेर आलो. भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर टेकले. मी पाण्याची बाटली दिली. म्हणाले, "पयल्यांदा खांद्यावर घेतली तवाच कळलं. रूळ उचलनारा मानूस मी. मला वजन कळंना व्हय?"

"मग बोलला नाहीत?"

"कुनाला बोलू? अकरा तोंडं माझ्याकडं बघत व्हती."

विचारलं, बबनमामांना माहीत आहे का? सराफाने फसवलं त्यांना, की जमलं तेवढ्यात...

"नाय विचारलं कधी. आन् तूबी विचारू नको." थोड्या वेळाने, "ते बबनचं पत्र विमावाल्याला द्यायचं नाय. उगाच खोटा पडंल तो."

म्हटलं, नाही देणार.

मग त्यांना जिलेबी हवी होती. खाल्ली दोघांनी.


२२ नोव्हेंबर, शनिवार

पवारांचा फोन. एवढ्या कमी मूल्यांकनात गदा तिजोरीत ठेवायची अट लागूच होत नाही. साध्या घरसामानात धरता येईल, हॉलमध्ये राहू दे. मि. खूश. लहान तिजोरी चालेल, सुतळीचा प्रश्न मिटला.

जेवताना हे अण्णांना सांगितलं. भाकरी मोडता मोडता थांबले.

"म्हंजे नेली तर नेली?"

दुसरी भाकरी घेतली नाही त्यांनी. ज्या माणसाने दोन आठवड्यांपूर्वी गदा तिजोरीत घालू दिली नाही, तोच आज घालायची गरज नाही म्हटल्यावर रुसला. मला आधी हसू आलं. मग भांडी घासताना लक्षात आलं, हसण्यासारखं नाही ते.

मि. म्हणाला, चार फुटी घेऊ, असेल ती किंमत. उद्या त्यांनाच नेऊ दाखवायला.


२३ नोव्हेंबर, रविवार

द्वारकेला अण्णांसह. तोच चहावाला दुकानदार. त्याने अण्णांच्या पाया पडून खुर्ची दिली. मोठी तिजोरी दाखवली, जवळजवळ माझ्या खांद्याइतकी. अण्णांनी दार उघडलं. लावलं. पुन्हा उघडून आत डोकं घातलं.

"आत लय अंधार हाय."

मग सरळ शेजारच्या मध्यम तिजोरीकडे गेले. दोन्ही हात घातले, पाय रोवले आणि हलवायला बघितलं. दुकानदार ओरडला, "बाबा, अहो बाबा!" मि. धावला. अण्णांच्या कपाळाची शीर टरारली, तिजोरी जागची हलली नाही.

"ही हलत नाय. ही घ्या. दागिन्यांना बरी."

"आणि गदा?"

"ती राहील माझ्यापाशी."

किल्ली आणि नंबर दोन्ही लागतात अशी आहे. कंपनीचा दाखला बरोबर. रंग राखाडी, मला हिरवा आवडला होता पण त्यात बोल्टाची भोकं नव्हती.

येताना मिसळ. अण्णांनी तर्री मागून घेतली. बरं वाटलं.


२७ नोव्हेंबर, गुरुवार

तिजोरी आली. लिफ्टने ती घ्यायला नकार दिला, दार लागेना आणि टूं टूं वाजत राहिली. शेवटी चार हमाल, पट्टे, दोन मजले. अण्णा जिन्याच्या वर उभे: "कंबरेतून नका, मांडीतून उचला. मांडीतून! श्वास सोडा आता." पहिल्या मजल्यापर्यंत हमाल वैतागले होते, दुसऱ्यावर त्यांचं ऐकायला लागले. वर पोचल्यावर एकाने विचारलं, बाबा कुठल्या तालमीचे?

बेडरूमच्या कोपऱ्यात बसवली. फरशीत चार बोल्ट. ड्रिलच्या आवाजाने सोसायटीचे सेक्रेटरी जोशीकाका तक्रार करायला वर आले. पंधरा मिनिटांनी तेच टॉर्च धरून उभे होते आणि देशमुखांना अशीच सांगतो म्हणाले.

घरभर पांढरी धूळ. पोळ्यांवरसुद्धा.


३० नोव्हेंबर, रविवार

काल लॉकर रिकामा केला. बँकेतल्या बाईंनी सवयीने "पुन्हा या" म्हटलं.

आज बुद्धवंदना झाल्यावर सगळं तिजोरीत ठेवलं. ठुशी हातात घेतली की आई आठवते, मान ताठ ठेव म्हणायची, नाहीतर मणी टोचतात. घातली जराशी. मि. म्हणाला, राहू दे अंगावर आजचा दिवस. राहू दिली.

नंबर काय ठेवायचा यावर अर्धा तास. वाढदिवस नको, पवारांनी बजावलंय. शेवटी ठरला. इथे लिहीत नाही, कारण प्रज्ञा ही वही वाचते. (वाचतेस ना?)

दार लावणार तेवढ्यात अण्णा आले. हातात प्लास्टिकच्या पिशवीत बबनमामांचं पत्र.

"ह्याला जागा हाय का?"

ठुशीच्या डब्याखाली ठेवलं.


४ डिसेंबर, गुरुवार

विम्याकडून तपासणीला मुलगी आली होती. तिशीच्या आतली, कामात चोख. बोल्ट बघितले, दाखल्याचा नंबर जुळवला, फोटो काढले. "सगळं नियमाप्रमाणे आहे, मॅडम." हुश्श.

जाताना हॉलमधल्या गदेपाशी थांबली. यादीत वाचलं, घरसामान. म्हणाली, "ही नुसती घरसामानात कशाला?" मग तिने सांगितलं ते पवारांनी सांगितलं नव्हतं. काही वस्तूंची किंमत बाजारात ठरत नाही. अशा वेळी मालकाने स्वतःच किंमत लिहायची आणि कारण द्यायचं. कंपनीला पटलं तर तीच धरतात. पटेलच असं नाही. वेगळा फॉर्म असतो, तिच्या बॅगेत होता.

मी मि.साठी ठेवून घेणार होते. अण्णा म्हणाले, "इकडं दे."

जेवण झालं तसे टेबलाशी बसलेत, चष्मा लावून. कारणाच्या जागी लिहून झालंय, मी वाचलं नाही, पण ओळी भरून खाली समासात उतरल्यात. वरचा किमतीचा रकाना तेवढा मोकळा.

"वैशाली, यात आकडाच लिहायचा असतो का?"

"हो अण्णा."

"सात घरं हायेत."

आता साडेचार वाजलेत. मि.चा ऑफिसातून दोनदा फोन, उद्या फॉर्म द्यायचाय, लिहिलं का? सांगितलं, अजून नाही. पेनचं टोपण काढलंय. ऊन खिडकीतून टेबलापर्यंत आलंय आणि अण्णा त्या सात घरांकडे बघताहेत, कुस्तीआधी समोरच्याकडे बघत असतील तसे. घाई नाही त्यांना. मी चहा टाकते.