गाडीत बसून पाहिलेलं कातळशिल्प

मिरजोळे, रत्नागिरी
१ डिसेंबर २०२५

ती. स्व. दादास,
वासंतीचा सा. न. वि. वि. नमस्कार मनापासून आहे, पुढचा मजकूरही मनापासूनच आहे. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला ओरडून भांडता येत नाही, म्हणून लिहिते.

तुझा यज्ञेश, सूनबाई सानिका आणि नात उर्वी काल मला फिरायला घेऊन गेले. जयगडचा किल्ला, कऱ्हाटेश्वराचं देऊळ, मग सड्याच्या उघड्या पठारावरची कातळशिल्पं, असा बेत. मी आदल्या दिवसापासून खुशीत होते. घावन केले, चटणी वाटली. डबा शेवटपर्यंत उघडलाच नाही, कारण यज्ञेशने हॉटेलात आधीच सांगून ठेवलं होतं.

किल्ल्यावर मी बुरुजाकडे निघाले तर यज्ञेशने हात धरला. म्हणाला, आत्या, पायऱ्या निसरड्या आहेत, इथूनच बघ. इथून म्हणजे कुठून, तर पार्किंगमधून! तीस वर्षं भूगोल शिकवला मी. खाडी समुद्राला कशी मिळते ते दाखवायला दर वर्षी त्याच बुरुजावर मुलांना नेलं, आणि काल मला भिंत दाखवली. कऱ्हाटेश्वराला खालच्या झऱ्यापर्यंत जाऊ दिलं नाही. उर्वीने बाटलीत पाणी भरून आणलं. तिला वाटलं, मला तहान लागली आहे.

सड्यावर तर कहर झाला. ऊन फार आहे म्हणून मला एसी लावून गाडीत बसवलं. वाळलेल्या गवतातून तिघं पलीकडे गेली आणि थोड्या वेळाने परत आली. सानिकाने मोबाइलवर फोटो दाखवला. तो मी गाडीत बसून पाहिला. खोदलेल्या माशावर यज्ञेशची सावली पडली होती.

तेवढ्यात सानिका प्रेमाने म्हणाली, की आत्या, आज डोळे भरून बघून घ्या, मार्चनंतर पुण्याहून कुठलं यायला जमतंय. मी विचारलं, कोण जातंय पुण्याला? मग यज्ञेशनेच सांगितलं, की माझं घर कारखान्यातल्या माणसांना भाड्याने द्यायचं ठरलंय आणि तिकडची माझी खोलीसुद्धा रंगवून झाली आहे. रंग फिका गुलाबी!

दादा, हे तुला माहीत होतं का? असेल तर मला का विचारलं नाहीस?

उत्तराची वाट बघते. नमस्कार आहेच, माया तूर्त रागाच्या खाली दबली आहे.
वासंती

पुणे
९ डिसेंबर २०२५

चि. वासंतीस,
अ. उ. आशीर्वाद. तुझं पत्र वाचून पित्त खवळलं. पोरांनी सुट्टी काढून तुला फिरवलं, त्याचं हे कौतुक! लहानपणापासून तुझा हाच हेका.

मला माहीत होतं. दसऱ्याला न्हाणीघरात घसरलीस तेव्हा शेजारची दीपाली होती म्हणून निभावलं. रोज कोण असणार? इथे लिफ्ट आहे, डॉक्टर खालीच बसतो, सगळी सोय आहे. तुझी वहिनी गेल्यावर यज्ञेशने मला आणलं तेव्हा मीही कुरकुर केली होती. आता सवय झाली.

सकाळी सगळी बाहेर पडली की घर अगदी शांत असतं. पेपर दोनदा वाचून होतो. गॅलरीत ऊन दुपारी येतं आणि लगेच समोरच्या इमारतीमागे जातं. शेजारी कोण राहतं ते अजून कळलं नाही. लिफ्टमध्ये मान हलवतात, चांगले असावेत. परवा बाजारात सुरमई आणायला गेलो, तर कोळीण हिंदीत बोलली. मी न घेताच परतलो.

बुरुजावरून खाडीपलीकडची तवसाळची बाजू अजून दिसते का? बंदर झाल्यावर मध्ये काही आडवं आलं का? तू वर गेली नाहीस, तेव्हा तुला तरी काय माहीत म्हणा.

गुलाबी नको असेल तर दुसरा रंग देतील. हट्ट सोड. राग उतरला की माझ्यावरची माया वर काढ.
तुझा,
दादा

मिरजोळे, रत्नागिरी
२० डिसेंबर २०२५

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि. तुझं पत्र आधी चिडून वाचलं, मग नीट वाचलं.

मंगळवारी मी एसटीने एकटी सड्यावर गेले. काठी घेतली होती. उतरले तिथून कातळापर्यंत पोचायला बराच वेळ लागला, दोनदा वाटलं परत फिरावं. पण गेले. मासा माझ्यापेक्षा लांब आहे. शेजारी पाय फाकवून उभा माणूस आहे, त्याला चेहरा नाही. मी खाली बसून खोदलेल्या रेषेत बोट घातलं आणि शेपटीपर्यंत सरकत गेले. जांभ्या दगडाने बोट खरचटलं. हे मला त्या दिवशी करायचं होतं, बाकी काही नाही. येताना गुडघा इतका धरला, की दोन दिवस अंथरुणावर होते. दीपालीने यज्ञेशला कळवलंच.

त्याचा फोन आला. मी पुण्याला येणार नाही, असं सांगितलं. तो खूप बोलला. माझ्या काळजीने त्याला झोप लागत नाही म्हणाला, आणि ते खरं असेल. मी न्हाणीघरात धरायला दांडे बसवून घेते म्हटलं, रात्री दीपालीच्या सासूला सोबतीला बोलावते म्हटलं. त्याने फोन ठेवला. अजून बोलत नाही. मला त्याचं वाईट वाटतं, पण घर देणार नाही.

आता तुझं. माझ्या घसरण्यावर तू तीन ओळी लिहिल्यास आणि तुझ्या दुपारींवर अर्धं पान. तुला सोबत हवी होती, दादा. मग तसं लिहायचं. माझ्या पायांचं निमित्त कशाला? तसं लिहिलं असतंस तर मी इतकी भांडले नसते. आले तरी नसतेच.

तू इकडे ये. पुढची खोली झाडून ठेवली आहे. परत कधी जायचं ते ठरवून येऊ नकोस. यज्ञेशची परवानगी मागू नकोस, त्याला नुसतं सांग.

पत्रातले आशीर्वाद पुष्कळ झाले. आता समोर बसून दे.
वासंती