फोटो काढल्याची तारीख

३ नोव्हेंबर

पोचलो एकदाचा! घाटातली वळणं संपता संपेनात, पण वर आल्यावर हवा अशी, की एकसष्टाव्या वर्षी शीळ घालावीशी वाटली. डोंगरावर एकटीच उभी असलेली दुमजली पांढरी इमारत, पुढे हिरवळ, हिरवळीवर उन्हात खुर्च्या टाकून बसलेली म्हातारी मंडळी. त्यांचे फोटो संगणकावर नीट लावायचे, हे माझं काम. अकरा हजार फोटो आहेत म्हणे.

चौतीस वर्षं ग्रंथालयात काढली. ही गेल्यापासून घरात भांडी पडली तरी मीच दचकायचो. लेक परदेशातून रोज टोकत होती, की बाबा, भिंतींशी बोलायला लागायच्या आत काहीतरी करा. केलं बाई!

संचालिका बाई पन्नाशीच्या, आवाज मऊ. मला सर म्हणतात. इथे मोबाइलला रेंज नाही. निरोप असेल तर बाई ऑफिसमधून पाठवतात. लेकीला 'सुखरूप पोचलो' तेवढ्यात कळवूनही टाकलं त्यांनी. स्वयंपाकघरातल्या मावशींनी न मागता दुसऱ्यांदा वाढलं आणि विचारलं, की तुम्ही राहायला आलात का कामाला? कामाला, म्हटलं. त्या पातेलं उचलून आत गेल्या.

५ नोव्हेंबर

मेटाडेटा, मेटाडेटा असं लेकीच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं. आज प्रत्यक्ष ओळख झाली आणि हसू आलं. अहो, हे तर आपलं ग्रंथालयातलं कार्ड! पुस्तकात काय लिहिलंय ते कार्ड सांगत नाही. पुस्तक कोणाचं, कधीचं, कुठल्या कपाटात, एवढंच सांगतं. पण कार्ड हरवलं की पुस्तक असून नसल्यासारखं. फोटोच्या पोटातही असंच कार्ड असतं. माउसची उजवी कळ दाबली की उघडतं. कुठल्या तारखेला काढला, किती वाजून किती मिनिटांनी, कुठल्या कॅमेऱ्याने, सगळं. शिवाय आपण त्यात भर घालू शकतो: माणसाचं नाव, खोली नंबर, प्रसंग. मग 'खोली चार, वाढदिवस' एवढं लिहिलं की अकरा हजारांतून नेमके तीन फोटो समोर हजर. दिवसभर पोरासारखा खेळत बसलो.

बाईंनी मात्र सांगितलं, की आतल्या भानगडीत पडू नका. फाइलच्या नावात खोली नंबर आणि महिना आहे, त्यावरून लावा. दर महिन्याच्या वीस तारखेला प्रत्येकाच्या घरी त्या महिन्याचा फोटो जातो, तो बघून घरचे महिन्याचे पैसे पाठवतात, तेव्हा तो चटकन सापडला म्हणजे झालं.

बरं म्हटलं. पण फाइलला नाव काय, कोणीही काहीही ठेवतं. घरात सोन्या म्हटलं म्हणून जन्मदाखल्यावरचं नाव बदलत नाही.

८ नोव्हेंबर

एक मैत्रीण झाली. चार नंबरच्या आजी, वय त्र्याऐंशी. तरुणपणी तार ऑफिसात होत्या. अजूनही बोलता बोलता टेबलावर बोटाने कट्ट कडकट्ट करतात. बुद्धिबळात मला सलग दोनदा लोळवलं आणि वर म्हणाल्या, पुस्तकवाले, वजीर असा उघड्यावर टाकत नाहीत. त्यांचं जवळचं असं एकच, परदेशातला भाचा.

नऊ नंबरच्या काकूंच्या मुलाचा निरोप बाईंनी सगळ्यांसमोर वाचून दाखवला. "आई, तू दर महिन्याला तरुण दिसायला लागलीस!" सगळे हसले. काकूंना भेटावंसं वाटलं, पण त्या मागच्या भागात असतात. प्रकृती नाजूक आहे, डॉक्टरांनी माणसं भेटायला मनाई केलीय.

११ नोव्हेंबर

आज एक गंमत झाली. गंमतच म्हणायची.

खोड जात नाही. काकूंचे फोटो नावाप्रमाणे लावून झाल्यावर, पडताळा म्हणून ते 'फोटो काढल्याची तारीख' या रकान्याप्रमाणे लावले. छत्तीस महिन्यांचे छत्तीस फोटो एकाच तारखेखाली गोळा झाले. तीन वर्षांपूर्वीची ९ ऑक्टोबर. 'जानेवारी', लाल शाल, दोन वाजून दहा मिनिटं. 'फेब्रुवारी', निळी शाल, दोन चौदा. 'मार्च', चष्मा काढून, दोन एकोणीस.

कॅमेऱ्याचं घड्याळ बंद पडलं असणार. तारीख नीट लावली नाही की होतं असं. उद्या बघू.

१२ नोव्हेंबर

घड्याळ बंद पडलं असतं तर मिनिटं सरकली नसती.

काकूंच्या मागे दिवाणखान्यातलं भिंतीवरचं घड्याळ दिसतं. फोटो मोठे करून करून पाहिले. लाल शालीत काटे दोन दहावर. निळीत दोन चौदावर. कार्ड खरं बोलतंय. एका दुपारी पावणेतीन तासांत त्यांच्याकडून तीन वर्षं काढून घेतली. शेवटच्या फोटोत काकू दमलेल्या दिसतात, पण हसताहेत.

आणि त्या तारखेनंतर काढलेला त्यांचा एकही फोटो या अकरा हजारांत नाही.

१४ नोव्हेंबर

बाकीचेही तपासले. यादीत एकतीस माणसं आहेत. सतरा जणांची हीच तऱ्हा. एकच दुपार, ढीगभर कपडे, पुढे काही नाही. मावशींना सहज विचारल्यासारखं विचारलं, की किती जणांचा स्वयंपाक करता. चौदा, म्हणाल्या. मागच्या भागातले धरून? त्या नळाखाली हात धूत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, मागच्या भागात मी कधी ताट पाठवलं नाही, आणि तुम्हीही मला विचारलं नाही.

दुपारी सगळे झोपलेले असताना मागे गेलो. नऊ नंबरला कुलूप नव्हतं. लोखंडी पलंग. गादी गुंडाळून सुतळीने बांधलेली. काकूंचा चष्मा खिडकीत, त्यावर बोटभर धूळ.

परत कसा आलो ते आठवत नाही.

१६ नोव्हेंबर

हिरवळीवर बाईंनी खुर्ची मांडली. चार नंबरच्या आजी तिच्यात. गुलाबी शाल, मग हिरवी, मग भाच्याने पाठवलेला स्वेटर. आजी लाजून लाल झाल्या होत्या. मला हाक मारून म्हणाल्या, "पुस्तकवाले, बघा, माझं लग्न लावताहेत!"

मी धावलो. काय सांगू? सगळ्यांदेखत काय बोलू? बाईंना म्हणालो, उन्हाने त्रास होईल, आत नेऊ का त्यांना. बाई हसल्या. झालंच, सर. अजून सातच राहिलेत.

संध्याकाळी त्यांच्या खोलीत गाठून सगळं सांगितलं. आजींनी नीट ऐकून घेतलं, टेबलावर बोटाने काहीतरी वाजवलं. मग म्हणाल्या, उद्या किराण्याची जीप येईल, दोघं खाली जाऊ, मला दवाखान्यात न्यायचंय असं सांगा. मला जीपपर्यंत चालवेल. तेवढं चालवेल हो.

१७ नोव्हेंबर

चार नंबरला कुलूप आहे.

बाई म्हणतात, पहाटे प्रकृती बिघडली, मागच्या भागात हलवलं. भेटायला मनाई.

नाश्त्याला तेरा ताटं. मावशींनी माझ्याकडे पाहिलं नाही.

१८ नोव्हेंबर

फाटकाला कुलूप. वॉचमन अदबीने म्हणतो, बाईंची चिठ्ठी आणा. जीप? या आठवड्यात नाही.

कुंपणाला हात लावून पाहिला. माझ्या गुडघ्यांनी ते जमायचं नाही.

विचार कर. विचार कर.

१९ नोव्हेंबर

एक वाट आहे. उद्या फोटो जातील. त्यांतले अठरा आता खोटे. फोटोच्या कार्डात 'वर्णन' असा रकाना असतो. वरून काही दिसत नाही. प्रत्येकात लिहिलं: दर महिन्याला येणारे फोटो एकाच दुपारी काढलेले आहेत. काढल्याची खरी तारीख खाली दिली आहे. तुमचं माणूस इथे दिसत नाही. पोलिसांना घेऊन या.

अठराच्या अठरांत. एकही चूक केली नाही. कोणीतरी उजवी कळ दाबेलच. अठरांत एक तरी.

२० नोव्हेंबर

गेले. बाईंनी माझ्यासमोर पाठवले.

उत्तरं यायला लागली. आई छान दिसतेय. बाबांना नमस्कार. आजींच्या भाच्याचं — मावशीला स्वेटर शोभतो.

थांबायला हवं. आज ना उद्या कोणीतरी —

२२ नोव्हेंबर

कोणी नाही.

बाई खोलीत आल्या. दार लोटून घेतलं. म्हणाल्या, उजवी कळ मलाही दाबता येते, सर. सुरेख लिहिलंत. फक्त एक तुम्हाला ठाऊक नव्हतं. आम्ही ज्यातून पाठवतो, त्यात फोटो लहान होऊन जातो, आणि आतलं सगळं वाटेतच आपोआप पुसलं जातं. पोचतं ते नुसतं चित्र.

त्यांनी पांघरूण नीट केलं माझ्या पायांवर.

मग म्हणाल्या, तुमच्या लेकीचा निरोप आलाय. बाबांचा एखादा फोटो पाठवा म्हणतेय.

२३ नोव्हेंबर

पलंगावर पाच शर्ट ठेवलेत. एक माझा. चार कोणाचे?

दार बाहेरून —

२४ नोव्हेंबर

ऊन छान पडलंय म्हणून हिरवळीवर. दोन शर्ट झाले. तिसरा घालायला खोलीत पाठवलंय, मी आतून कडी लावलीय. वॉचमन दाराशी उभा आहे. बाई म्हणाल्या, जरा हसा, लेकीला हात हलवून दाखवा.

हात हलवून.

कार्ड पुसतात. चित्र पुसत नाहीत. चित्रात जे दिसतं ते जातं —

पेनने तळहातावर आजची तारीख लिहितोय. मोठी. उरलेल्या तिन्ही फोटोंत दिसेल अशी. तीन महिने, तीन शर्ट, तारीख एकच. पोरगी लहानपणी माझ्या शेजारी बसून कार्डं लावायची. तिला कळेल. कळायलाच हवं.

घामाने शाई पसरतेय. पुन्हा गिरवतो. २४, मग महिना —

बाईंचा आवाज. वॉचमनला विचारताहेत, की सर इतका वेळ काय —

वही गादीखाली. हात कोरडा कर. मूठ उघडायची नाही, त्यांनी हलवा म्हटल्यावरच —

कडी काढ