दुर्बिणीला शोभेल असा कॅमेरा

९ सप्टेंबर

कपडे वाटून झाले. बूट झाले. आता दुर्बीण!

ह्यांना जाऊन ऑक्टोबरअखेर वर्ष होईल. थोरले भाऊजी आज चहाला आले होते. तळलेला बौरसाक मोडता मोडता म्हणाले, "राउशान, तुला त्यातून दिसत नाही, ती उचलतही नाही. वर्षाच्या जेवणाला माझ्या कायसारला दे. काकाची तेबेरिक म्हणून." गेलेल्या माणसाची वस्तू तेबेरिक, म्हणजे आठवण म्हणून कोणी मागितली की आमच्यात नाही म्हणता येत नाही.

खोटं काही बोलले नाहीत ते. डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झाल्यापासून मी भिंगाला डोळा लावला की नुसते काळे ठिपके तरंगतात. आणि ती अवजड नळी हलवायला दोन माणसं लागतात.

शेवटी अपा बोलल्या. ह्यांची आई, त्यांच्यापुढे भाऊजींचं काही चालत नाही. "जेवणापर्यंत राहू दे. तोवर तिला वापरता आली तर तिची. नाही तर ने." विषय संपला.

१० सप्टेंबर

डोळ्याने नाही तर कॅमेऱ्याने. दुसरं काही सुचत नाही.

१४ सप्टेंबर

शेजारचा दुमान लग्नांचे फोटो काढतो. त्याचा मोठा कॅमेरा दुर्बिणीला लावून पाहिला. आधी दोघांनी मिळून ती अंगणात ओढली — माझी कंबर गेली. फोटोत शनी म्हणजे काळ्या पडद्यावर तांदळाचा दाणा, तोही हललेला.

"वहिनी, माझ्याकडे नवरीचं नाक याहून मोठं येतं!"

हसले मी. मग आत येऊन उगाच वाटत राहिलं, हसायला नको होतं.

१८ सप्टेंबर

अल्माटीला गेन्नादी ल्वोविचना फोन केला. तिथल्या आकाश बघणाऱ्यांच्या मंडळातले, ह्यांचे जुने मित्र. म्हटलं, दुकानदार म्हणतो, स्वतःला थंड ठेवणारा मोठा कॅमेरा घ्या, सगळ्यात भारी.

"राउशान सपारोव्ना, तो अंधुक तेजोमेघांसाठी! ग्रह कुठे अंधुक असतात? ग्रहाला चपळ कॅमेरा हवा. एक फोटो काढायचाच नाही. व्हिडिओ घ्यायचा, सेकंदाला शंभरेक चित्रं. हवा सारखी हलत असते. ती क्षणभर थांबली तेव्हा जी चित्रं आली तेवढीच ठेवायची आणि एकावर एक रचायची. बाकीची फेकायची."

"किती फेकायची?"

"बहुतेक सगळी."

वर्षभर तेच करतेय.

२३ सप्टेंबर

रंगीत की काळा-पांढरा? काळ्या-पांढऱ्यात बारकावा जास्त येतो, पण लाल, हिरवी, निळी काच बदलत तीनदा व्हिडिओ घ्यावा लागतो. आपली दुर्बीण हाताने ढकलायची. काच बदलेपर्यंत शनी बाहेर! म्हणून रंगीत. सेन्सर लहान चालतो म्हणतात, पण फारच लहान असला तर मला त्यात शनी सापडणारच नाही. म्हणून मधला. पिक्सेल बारीक. पुढे प्रतिमा तीनपट करणारं भिंग.

पाण्याच्या प्रयोगशाळेत आयुष्य गेलं, इतका खल कुठल्या नमुन्यावर केला नाही. मागवला एकदाचा.

२ ऑक्टोबर

आला. काडेपेटीएवढा! अपा म्हणाल्या, "एवढ्याशासाठी महिनाभर तोंड पाडून बसली होतीस?"

९ ऑक्टोबर

आठवडाभर ढग. आज उघडलं. शुक्रवार — सकाळी ह्यांच्या नावाने शेलपेक तळले, गरम गरम शेजारी वाटले. मग न्हाणीघराची भट्टी पेटवली, अपांना न्हाऊ घातलं. अंधार पडल्यावर दुमानच्या मदतीने दुर्बीण बाहेर.

शनी आला लॅपटॉपच्या पडद्यावर! पण उकळत्या पातेल्यात टाकल्यासारखा. किती वेळ बसले, थांबेचना. कॅमेराच चुकीचा निवडला. रडू आलं — दुःखाचं नव्हे, थकव्याचं.

१० ऑक्टोबर

गेन्नादी ल्वोविचनी एवढंच विचारलं, "शनीच्या खाली काय येतं तुमच्याकडे?"

"न्हाणीघराचं छप्पर."

"आणि काल ते तापवलं होतं?"

इतके हसले की खोकला लागला. "गरम हवा वर जाते हो, त्यातूनच बघत होतात! कॅमेरा बरोबर आहे. तुमच्या यजमानांनीही पहिल्या वर्षी हेच केलं होतं. न्हाणीघर पाडायला निघाले होते!"

हे मला कधी सांगितलं नव्हतं ह्यांनी.

१७ ऑक्टोबर

न्हाणीघर थंड. दुर्बीण दुपारीच बाहेर काढली, आरसा निवू दिला. ढकलायला दुमान. पडद्यावर या कडेने शनी आत येतो, त्या कडेने निघून जातो. पुन्हा ढकल, पुन्हा वाट बघ.

मग घरात बसून फेकाफेक. उरलं त्यातून एक चित्र झालं. यंदा कडं बारीक आहे, पण स्वच्छ दिसतंय. गोळ्यावर फिकट पट्टासुद्धा!

लॅपटॉप अपांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा मागितला.

"यासाठी उभा राहायचा होय थंडीत? मला वाटायचं, तुमचं पटत नाही म्हणून बाहेर जातो!"

मग पेटीतून रेशमी रुमाल काढून माझ्या मांडीवर ठेवला. कोरिमदिक! नवं बाळ, नवी सून पहिल्यांदा बघितली की देतात, ती भेट. या घरात वर्षभर कोणी काही नवं बघितलं नव्हतं.

२४ ऑक्टोबर

जेवण झालं. सगळे आले, कुराण वाचलं, मांस सगळ्यांना पुरलं. भाऊजींनी भिंतीवर छापून लावलेला शनी पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला. म्हणाले, "राहू दे तुझ्याकडे. कायसारला मी समजावतो."

झालं मनासारखं. पाहुणे गेल्यावर अंगणात दुर्बिणीपाशी उभी राहिले. दुमान गावाला गेलेला. एकटीने ढकलून पाहिली, तसूभर हलली नाही. ताडपत्री टाकून आत आले.

२७ ऑक्टोबर

भाऊजींना मीच फोन केला, दुर्बीण घेऊन जा. "अगं, आता मागतोय कोण?" म्हणाले. मी म्हटलं, "म्हणूनच देते."

कॅमेरा ठेवलाय. आता त्याला शोभेल अशी दुर्बीण बघायची — मला एकटीला उचलेल अशी.